झेंडू कीड पळवत नाही, बोलावतो

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण. शेवटी सभेतील काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



सकाळच्या सत्रात कर्ज, वीज आणि भाव यांवर पुष्कळ बोलणे झाले. आता जेवणे झाली आहेत आणि मागच्या रांगेत दोघा-तिघांच्या माना कलू लागल्या आहेत. त्यांना कोणी उठवू नका. वीज रात्रीची, म्हणून ज्याने रात्रभर दारे धरली आणि सकाळची एस.टी. पकडून जो इथे आला, त्याला दुपारी झोपण्याचा हक्क आहे.

माझ्या वाट्याला विषय आला आहे भाजीपाल्यावरच्या किडीचा. मुख्य पिकाच्या सोबतीला दुसरे पीक लावून कीड कशी आवरता येते, हा. काहींना वाटेल, हा कृषी खात्याच्या मेळाव्यातला विषय, आंदोलनाच्या बैठकीत कशाला? मला तसे वाटत नाही. २०२३ च्या जुलैत शहरात टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा सगळ्या देशात ओरड झाली. ऑगस्टमध्ये नेपाळातून टोमॅटो आणला गेला. आणि त्याच हंगामात पुढे भाव असा पडला की तोडणीची मजुरी निघेना. तेव्हा मात्र कोणी ओरडले नाही. भावाची दोरी आपल्या हातात नाही, ती हातात यावी म्हणून आपली लढाई आहे आणि ती चालूच राहील. पण खर्चाच्या चार दोऱ्यांपैकी एक तरी आपल्या हातात आहे, आणि ती कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत बांधलेली आहे. ती थोडी सैल करता आली तर बघू.

हल्ली गावोगाव एक गोष्ट ऐकू येते. ‘टोमॅटोत झेंडू लावा, कीड येत नाही.’ मोबाईलवर चित्र फिरते, खाली लिहिलेले असते, झेंडूच्या उग्र वासाने कीड पळते. शेतकरी ऐकतो, बांधाला चारी बाजूंनी झेंडू लावतो. मग एक जण सांगतो, मला फायदा झाला. दुसरा सांगतो, झेंडू लावल्यापासून अळी उलट वाढली. दुकानदार हसतो आणि म्हणतो, बघा, शेवटी माझ्याकडेच यावे लागले. मी अशा बऱ्याच शेतांत जाऊन बघितले आहे. माझ्या मते दोघेही शेतकरी खरे बोलतात. कारण झेंडू कीड पळवत नाही. झेंडू कीड बोलावतो. पाहुणा बोलावल्यावर त्याचे काय करायचे हे ज्याने ठरवले, त्याला फायदा झाला. ज्याने बोलावून सोडून दिले, त्याच्या घरात पाहुण्याने संसार मांडला.

हे नीट समजायचे तर आधी किडीची ओळख पाहिजे. टोमॅटोचे फळ पोखरणारी जी अळी, तिला हरभऱ्यात आपण घाटे अळी म्हणतो आणि कापसात हिरवी बोंड अळी. तुरीच्या शेंगेतही ती असते, मक्याच्या कणसातही. नावे चार, किडा एक. शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. पतंग संध्याकाळनंतर उडतो. मादी एकेक अंडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते, खसखशीच्या दाण्यासारखे, पिवळसर पांढरे. कळी, फूल, आणि फुलाजवळचे कोवळे पान ही तिची आवडती जागा. तीन-चार दिवसांत अंडे फुटते. बारीक अळी आधी कोवळी पाने-फुले खरवडते, मग फळाकडे वळते. डोके फळात आणि मागचे अंग बाहेर, अशी ती खाते. एका फळावर तिचे भागत नाही. थोडे खाल्ले की दुसऱ्या फळाकडे जाते, म्हणून एक अळी पाच-सहा फळे सहज नासवते. पंधरा-वीस दिवसांत पूर्ण वाढली की खाली उतरून मातीत कोषात जाते, आणि पुन्हा पतंग.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात धरा. पहिली, अळी फळात शिरली की वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. मारायची तर अंडे फुटून ती बाहेर फिरत असते त्या चार-पाच दिवसांतच. दुसरी, हिच्या अंगी औषध पचवण्याची मोठी ताकद आहे. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रातल्या कापसावर या अळीने पायरेथ्रॉईड गटातल्या औषधांना दाद दिली नाही, पीक हातचे गेले. त्या वेळी ती औषधे नवी म्हणून नावाजलेली होती. तेव्हापासून गट बदलले, बाटल्यांचे रंग बदलले, किंमत वाढली. अळी आहे तिथेच आहे.

आता झेंडूकडे येतो. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिथल्या के. श्रीनिवासन आणि पी. एन. कृष्णमूर्ती या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर काम केले, ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी उंच वाढणारा, मोठ्या पिवळ्या-नारंगी फुलांचा आफ्रिकन झेंडू टोमॅटोत लावला आणि मादी अंडी कुठे घालते ते मोजले. झेंडूची कळी आणि फूल समोर असले की मादीचा ओढा तिकडे जास्त. म्हणून याला सापळा पीक म्हणतात. सापळा हा शब्द बरोबर आहे. सापळ्यात उंदीर येतो, सापळा उंदीर हाकलत नाही.

पुढे त्यावरून शिफारस निघाली ती अशी: टोमॅटोच्या १४ ते १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. आणि लागवडीच्या दिवशी झेंडूचे रोप ४० दिवसांचे, टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे. सगळा खेळ या दोन आकड्यांत आहे, आणि मोबाईलवरच्या चित्रात नेमके हेच दोन आकडे नसतात.

४० आणि २५ का? कारण झेंडू आणि टोमॅटो एकाच वेळी फुलावर आले पाहिजेत. पतंग कॅलेंडर बघून येत नाही, कळी बघून येतो. टोमॅटो आधी फुलला आणि झेंडू नुसता पाल्यावर उभा असला, तर मादी टोमॅटोवर अंडी घालणार, झेंडूकडे ढुंकून बघणार नाही. मी पाहिलेल्या फसलेल्या शेतांपैकी बहुतेक इथे फसली होती. दोन्ही रोपे एकाच दिवशी रोपवाटिकेतून आणली, एकाच वयाची, एकाच दिवशी लावली. झेंडू फुलला, चांगला फुलला, पण तोपर्यंत टोमॅटोचा दुसरा फुलोरा सरला होता आणि पहिल्या फळांना भोके पडली होती.

आता एकराचा हिशेब मांडू. समजा एक एकर चौकोनी तुकडा, बाजू साधारण २०८ फूट. चार फुटांवर सरी धरली तर ५२ ओळी बसतात. १६ मागे एक म्हटले तर झेंडूच्या तीन ओळी. दीड फुटावर रोप लावले तर एका ओळीत १३८-१४० रोपे, तीन ओळींत सव्वाचारशेच्या आत. जागा किती गेली? ५२ पैकी ३ ओळी, म्हणजे ४० गुंठ्यांतले सव्वादोन गुंठे. हे नुकसान आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. त्या तीन ओळींत टोमॅटो आला असता. पण दुसऱ्या बाजूने बघा. वाढलेल्या टोमॅटोला एकरी २०० लिटर पाणी लागते, १५ लिटरच्या पंपाचे तेरा-चौदा पंप. तीन ओळींच्या झेंडूला पाऊण ते एक पंप. अळी पहिल्यांदा झेंडूवर आली, तिथेच तिला गाठले, तर तेरा पंपांचे काम एका पंपात होते. दर वेळी होईल असे मी म्हणणार नाही. हेसरघट्ट्याच्या प्रयोगांतही टोमॅटोवरचा फवारा शून्यावर आला नव्हता, कमी झाला होता. पण हंगामात दहाचे सहा फवारे झाले तरी चार फवाऱ्यांचे औषध आणि चार फवाऱ्यांची मजुरी वाचली.

आणि फवारा हा फक्त पैशाचा विषय नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मेले. अनेकांची नजर गेली, कितीतरी जण दवाखान्यात होते. ते कापसाचे शेत होते, पण पाठीवरचा पंप तोच असतो, आणि टोमॅटोच्या ताटीतून जाताना फवारा तोंडाच्याच उंचीवर असतो. ज्याच्या पाठीवर पंप, त्याचे अंग. त्यामुळे चार पंप कमी झाले हे ज्याला सुखाचे वाटत नाही, त्याने स्वतः कधी पंप पाठीला लावलेला नाही असे खुशाल समजावे.

आता झेंडूवर आलेल्या अळीचे करायचे काय? तीन-चार दिवसांआड झेंडूची ओळ फिरून बघायची. उमललेली फुले तोडायची. पाकळ्यांत बारीक अळी दिसली की फूल साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे किंवा कोंबड्यांना घालायचे. बांधावर फेकायचे नाही. बांधावर फेकलेली अळी चालत परत येते, तिला पाय आहेत. जास्त दिसल्या तर फक्त झेंडूच्या ओळींवर पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. पाच किलो निंबोळीची पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचे पाणी घालून एकूण शंभर लिटर करायचे. तीन ओळींपुरते हवे असेल तर त्या मानाने कमी करा. फवारा संध्याकाळी. उन्हात निंबोळीचा गुण उडून जातो. घाटे अळीला रोग आणणारा विषाणू मिळतो, एचएनपीव्ही म्हणतात, तोही संध्याकाळीच मारायचा आणि अळी लहान असतानाच.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, आणि ती समोर डावीकडे बसलेल्या बहिणींसाठी आहे. ही फुले तोडणार कोण? बाई. अळी वेचणार कोण? बाई. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला लिंबाखालून गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवणार कोण? तीच. शून्य खर्चाची शेती, बिनखर्चाची शेती अशी भाषणे आपण ऐकतो. त्या हिशेबात युरियाची पिशवी धरलेली असते, औषधाची बाटली धरलेली असते, बाईचा रोज धरलेला नसतो. हा खर्च नाही तर काय आहे? माझे म्हणणे एवढेच की वहीत तो लिहा. तीन ओळी फिरायला दर खेपेला तास-दीड तास लागतो. हंगामात पंधरा खेपा झाल्या तर पंधरा ते बावीस तास, म्हणजे दोन-तीन रोज. हे लिहिले आणि तरीही चार फवाऱ्यांपेक्षा स्वस्त पडले, तर ती पद्धत खरी स्वस्त. नाही लिहिले तर आपण एकाच्या खिशातला खर्च दुसरीच्या कमरेवर टाकला, एवढेच झाले.

फुले विकून हा रोज निघतो का? निघतो, पण त्यात एक मेख आहे. झेंडूला भाव दसरा-दिवाळीला. त्यामुळे दसऱ्याआधी आठ-दहा दिवस शेतकरी तोडा थांबवतो, एकदम तोडू म्हणतो. त्या आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात, अळी मोठी होते आणि झेंडूवरून शेजारच्या टोमॅटोच्या ओळीत उतरते. म्हणजे सापळा होता त्याची पैदाशीची जागा झाली. माझा सल्ला असा की टोमॅटोतला झेंडू हा सापळा समजा आणि दसऱ्याचा झेंडू वेगळ्या तुकड्यात लावा. टोमॅटोतल्या तोड्याची फुले आठवडी बाजारात, देवळापुढे जी काय जातील ती जाऊ द्या. ज्याला दोन्ही एकाच ओळीतून पाहिजे, त्याचे दोन्ही बिघडते.

आता वासाचे बोलतो. इंग्लंडमध्ये वेल्सबर्न येथे भाजीपाल्याच्या संशोधन केंद्रात स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर यांनी कोबीच्या मुळांवरच्या माशीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. झेंडू, पुदिना अशा वासाच्या झाडांत कोबी ठेवून बघितला आणि बिनवासाच्या साध्या हिरव्या झाडांतही ठेवून बघितला. वासाची झाडे काही वरचढ ठरली नाहीत. त्यांनी मांडलेले कारण सोपे आहे. माशी हिरव्यावर बसते, बसल्यावर पायांनी चव घेऊन ठरवते की हे आपले झाड की नाही. उघड्या काळ्या मातीत एकटी कोबी असली तर ती दर वेळी कोबीवरच बसणार. आजूबाजूला दुसरे हिरवे असले तर ती चार वेळा चुकीच्या झाडावर बसते, कंटाळते आणि निघून जाते. २००० सालच्या सुमारास ही मांडणी पुढे आली. आपल्या आजीला हे पायाच्या चवीचे माहीत नव्हते, पण ज्वारीत तुरीची इरवड, मूग, तीळ, कडेला अंबाडी अशी तिची पेरणी होती. तिच्या शेतात किडीलाही आपले झाड शोधावे लागे. आपण शेत साफ केले, एकच पीक, एकाच जातीचे, एकाच उंचीचे. माणसाला बघायला बरे वाटते. पतंगालाही बरे वाटते.

म्हणून वासावर विसंबून राहू नका. वासाचा उपयोग कधीच नसतो असे मात्र नाही. पूर्व आफ्रिकेत, केनियात, मक्याच्या खोडकिडीसाठी एक रचना १९९० च्या दशकात बसवली गेली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचे द्विदल गवत, पतंगाला नको वाटेल असे, आणि शेताच्या कडेने आपले हत्ती गवत, पतंगाला ओढून घेणारे. मला त्यातले कौतुक वेगळ्या गोष्टीचे वाटते. तिथल्या शेतकऱ्याने ती पद्धत धरून ठेवली, कारण दोन्ही गवते त्याच्या जनावरांच्या पोटात जातात. सोबतीचे पीक स्वतःची भाकरी स्वतः कमावत नसेल, तर दुसऱ्या वर्षी ते शेतात दिसत नाही.

आता कोबी-फ्लॉवर. इथे झेंडू नाही, मोहरी. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, त्याची हिरवी लहान अळी पानाला जाळीसारखी भोके पाडते. या किडीचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. जावा बेटावर १९५३ साली हिने डीडीटीला दाद दिली नाही, शेतातल्या पिकावरच्या किडीत हे पहिल्यांदा हिच्यात दिसले. पुढे बीटी जिवाणूच्या फवाऱ्यालाही शेतात पहिल्यांदा दाद न देणारी हीच, हवाई बेटांवर, १९९० साली नोंदली गेली. अशा किडीशी औषधाने शर्यत लावणे म्हणजे आपले पैसे आपणच जाळणे. हेसरघट्ट्याच्याच शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवले की हिला कोबीपेक्षा मोहरी आवडते. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळींची जागा ठेवायची. एक ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर २५ दिवसांनी. दोनदा का, तर मोहरी लवकर म्हातारी होते, पहिली जरड झाली की दुसरी कोवळी उभी पाहिजे. मोहरीवर मावाही गोळा होतो आणि त्याच्यामागे ढालकिडे येतात.

मोहरीवर गोळा झालेली कीड मारायला त्या काळच्या शिफारशीत डायक्लोरव्हॉस होते. जुन्या पुस्तिकांत अजून ते छापलेले सापडेल. ते २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे. कोणी देऊ केले तर घेऊ नका. मोहरीवर निंबोळी अर्क चालतो, नाहीतर अळ्यांनी भरलेली ओळ उपटून जनावरांना घाला.

जिथे हे चालत नाही तेही सांगतो, नाहीतर तुम्ही पुढच्या बैठकीत माझी गचांडी धराल.

टूटा, म्हणजे पान आतून पोखरून फळाला टाचणीएवढे भोक पाडणारी ती बारीक अळी. ती भारतात २०१४ साली आली, पुणे भागातच पहिल्यांदा सापडली. तिला झेंडूचे काही घेणे-देणे नाही. तिच्यासाठी गंध सापळे, पोखरलेली पाने-फळे वेचून जाळणे, आणि जुन्या टोमॅटोचे अवशेष शेतात न ठेवणे. बोकड्या पांढऱ्या माशीने पसरतो, त्यालाही झेंडूची मदत नाही. तिथे रोपे जाळीत वाढवणे आणि लागवडीआधी दोन-तीन आठवडे कडेने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी उभ्या करणे बरे. मात्र मक्यावर २०१८ पासून नवी लष्करी अळी आहे, तेव्हा मक्याकडेही बघावे लागते. उन्हाळी टोमॅटोत झेंडू लावू नये असे माझे स्वतःचे मत आहे, कारण कोरड्या उन्हात झेंडूवर लाल कोळी फार वाढतो आणि तिथून पसरतो. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने कमी होतात हे खरे आहे, पण त्यासाठी टोमॅटोच्या आधी त्या तुकड्यात दोन-तीन महिने झेंडूचे दाट पीक घ्यावे लागते. सोळा ओळींत एक ओळ लावून सूत्रकृमी जात नाहीत.

आणखी एक. हा सगळा उपाय एकट्याने करण्यापेक्षा शिवाराने केला तर दुप्पट चालतो. पतंग तुमच्या सातबाऱ्यावर उतरत नाही. शेजारी हरभरा काढला की तिथले पतंग तुमच्या टोमॅटोवर येतात. शेजाऱ्याने आठवड्याला फवारा मारला की तुमच्या शेतातले ढालकिडे आणि अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्याच्या वाऱ्याने मरतात. म्हणून प्रत्येक शाखेने या हंगामात एकाच शिवारातली लागून असलेली पाच-सात शेते धरावीत, निम्म्या शेतांत सापळा ओळ, निम्म्यांत नाही, आणि दोन्हीकडचे फवारे, रोज आणि भोके पडलेली फळे वहीत लिहावीत. दुकानदाराच्या हसण्याला उत्तर वहीने द्यायचे.

आता प्रश्न विचारा.

बांधाला चारी बाजूंनी लावला तर चालत नाही का?

नुसता बांधाला लावून मधल्या ओळींपर्यंत त्याचा ओढा पोचत नाही. आत ओळ पाहिजे. कडेला लावायचेच असेल तर एरंडी लावा. पाने खाणारी, गठ्ठ्याने अंडी घालणारी जी स्पोडोप्टेराची अळी आहे, तिची मादी एरंडीच्या पानाखाली अंडी घालते. ते पान तोडले की शेकडो अळ्या एका हातात आल्या. भुईमूग, सोयाबीनलाही हे उपयोगी आहे.

मखमली, बुटका झेंडू चालेल का?

नाही. उंच वाढणारा, मोठ्या फुलाचा आफ्रिकन घ्या. पिवळा आणि नारंगी दोन्ही चालतात.

दोन गुंठ्याच्या परसात काय करावे?

ताई, परसात ओळींचा हिशेब सोडा. चार-सहा झेंडूची रोपे टोमॅटोत मधेमधे लावा आणि थोडी कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर येऊ द्या, सगळी तोडू नका. त्या बारीक फुलांचा मध खायला गांधीलमाश्या येतात, त्या किडीच्या अंगात अंडी घालतात. परसात तुमचा हात हाच मोठा उपाय आहे. सकाळी भाजी तोडताना पान उलटून बघायचे, एवढे केले तरी पुष्कळ.

आम्ही रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपे घेतो. ते झेंडू आणि टोमॅटो एकदमच देतात. मग ४० आणि २५ कसे जमवायचे?

रोपवाटिकेला दोन वेगळ्या तारखा द्यायच्या, आणि झेंडूची मागणी आधी नोंदवायची. उलटा हिशेब करा. लागवड १० ऑगस्टला धरली असेल तर टोमॅटोचे बी १६ जुलैला ट्रेमध्ये पडले पाहिजे आणि झेंडूचे १ जुलैला. एकराला सव्वाचारशे आणि मर धरून पाचशे रोपे सांगा. एवढ्या थोड्या रोपांसाठी रोपवाटिकावाला वेगळा ट्रे लावायला कुरकुर करतो, म्हणून गावातल्या पाच-सात जणांनी मिळून एकदम सांगा. नाहीच जमले तर झेंडूचे बी घरीच वाफ्यावर टाका. ते काही नाजूक बी नाही, चार-पाच दिवसांत उगवते.